रीस्टार्ट दाबल्यावर ॲपला आवराआवर करायला वेळ कसा मिळवायचा? (विंडोज, डेस्कटॉप)

सायंतारा (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावी एक जुनं वाचनालय आहे. दर हिवाळ्यात तिथं व्याख्यानमाला होते. ती व्याख्यानं चित्रित करून जपून ठेवता यावीत म्हणून मी सी शार्प आणि विनफॉर्म्समध्ये एक छोटं ॲप लिहून दिलं आहे. कॅमेरा, माइक जोडायचा, 'सुरू' दाबायचं, संपलं की 'थांबवा'. खरं काम आतून एफएफएमपेग हे चित्रफिती बनवण्याचं साधन करतं. माझं ॲप ते वेगळी प्रोसेस (स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम) म्हणून चालवतं आणि थांबवताना त्याच्या स्टँडर्ड इनपुटवर 'क्यू' हे अक्षर पाठवतं. शेवटी एमपी४ फाइल मिळते.

अडचण अशी झाली: व्याख्यान चालू असताना पडद्यावर अपडेटची सूचना आली आणि संगणकापाशी बसलेल्या कार्यकर्त्यानं 'आता रीस्टार्ट करा' दाबलं. संगणक परत सुरू झाल्यावर फोल्डरमध्ये दोन जीबीहून मोठी फाइल होती, पण ती एकाही प्लेअरमध्ये उघडेना. वक्त्या ऐंशी ओलांडलेल्या आहेत. आपल्या शाळेच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल त्या जे बोलल्या, ते पुन्हा तसं बोलतील असं धरून चालता येत नाही.

एरवी 'थांबवा' दाबल्यावरही फाइल तयार व्हायला पाऊण मिनिट लागतं, कधी त्याहून जास्त. पुढे संकेतस्थळावर चढवायची असते म्हणून मी फास्टस्टार्ट (फाइल पूर्ण उतरण्याआधीच वाजायला लागावी याची सोय) लावलं आहे. तेव्हा मला हवं आहे ते एवढंच, की रीस्टार्टचा हुकूम आला तर माझं आवरून होईपर्यंत विंडोजनं थांबावं. फॉर्मक्लोझिंगमध्ये (खिडकी बंद होताना चालणाऱ्या कोडमध्ये) अवेट (काम संपायची वाट बघण्याची सूचना) लावून थांबवण्याची पद्धत बोलावते. ती सुरू झाल्याची नोंद लॉगमध्ये दिसते, पुरी झाल्याची कधीच दिसत नाही.

हे नीट कसं करतात?

कळफलक

सायंतारा, आधी विंडोज काय करतं ते क्रमानं सांगतो, मग तुमच्या कोडकडे येऊ.

शटडाउन असो, रीस्टार्ट असो की साइन-आउट, विंडोज प्रत्येक खिडकीवाल्या प्रोग्रॅमला आधी विचारतं आणि मग कळवतं. विचारण्याचा संदेश म्हणजे डब्ल्यूएम-क्वेरी-एंड-सेशन आणि कळवण्याचा डब्ल्यूएम-एंड-सेशन. पहिल्याला 'हो' म्हटलंत की दुसरा येतो. दुसऱ्याचं काम करून तुमचा कोड परतला की त्यानंतर कुठल्याही क्षणी प्रोसेस मारली जाऊ शकते. म्हणजे काही उरलं असेल तर ते परतण्याआधी करायचं, नंतर करायला जागाच नाही. उत्तर द्यायला साधारण पाच सेकंद मिळतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर प्रोग्रॅम अडकला आहे असं विंडोज धरतं.

तुमचं फॉर्मक्लोझिंग अर्ध्यात तुटतं ते अवेटमुळे. पहिल्या अवेटपाशी पद्धत परत फिरते. विनफॉर्म्सच्या लेखी तुमचं काम झालं, 'कॅन्सल' (बंद होणं नाकारण्याची खूण) तर तुम्ही खरं केलेलंच नाही, म्हणून ते विंडोजला 'हो' सांगून मोकळं होतं. अवेटच्या खालच्या ओळींची पाळी येण्याआधी प्रोसेस गेलेली असते.

वेळ मागण्याचा अधिकृत मार्ग विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून आहे: शटडाउन-ब्लॉक-रीझन-क्रिएट. हे फंक्शन यूझर३२ डीएलएलमध्ये आहे. त्याला तुमच्या मुख्य खिडकीचं हँडल (विंडोजनं दिलेली तिची ओळख) आणि कारणाचं एक वाक्य द्यायचं. ज्या थ्रेडनं (प्रोग्रॅममधल्या कामाच्या धाग्यानं) खिडकी बनवली त्याच थ्रेडवरून बोलवायचं, दुसरीकडून बोलवलं तर ते अपयशी ठरतं. यानंतर कुणी रीस्टार्ट दाबला आणि तुमच्या ॲपनं नकार दिला, की पूर्ण पडद्यावर यादी येते: कुठलं ॲप थांबलं आहे, का थांबलं आहे, आणि खाली 'तरीही रीस्टार्ट करा' व 'रद्द करा' अशी बटणं.

तुमच्यासाठी क्रम असा बसेल. फॉर्मक्लोझिंगमध्ये क्लोझ-रीझन 'विंडोज शटडाउन' आहे का ते बघा. असेल आणि चित्रीकरण चालू असेल तर 'कॅन्सल' खरं करा आणि थांबवण्याचं काम पार्श्वभूमीत सुरू करा. ते संपलं की शटडाउन-ब्लॉक-रीझन-डिस्ट्रॉय बोलवा आणि ॲप स्वतःहून बंद करा. अडवणारा प्रोग्रॅम गेला की रीस्टार्ट पुढे सरकतो.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. हा वेळ वापरणारा माणूस देतो, विंडोज नाही. त्यानं 'तरीही' दाबलं की तुमचं म्हणणं तिथं संपलं.

सायंतारा

कळफलक, मनापासून आभार. अवेटचं आता लख्ख कळलं.

दोन शंका आहेत. कारणाचं वाक्य रीस्टार्टचा संदेश आल्यावर द्यायचं की आधीच? आणि चित्रीकरण चालू असताना माझं ॲप खाली घड्याळाशेजारच्या ट्रेमध्ये लपतं, पडद्यावर खिडकी नसते. त्यानं काही फरक पडतो का?

कळफलक

वाक्य आधीच द्या. थांबवता न येणारं काम सुरू होताना ते नोंदवावं आणि काम संपताच काढावं, अशीच या फंक्शनची रीत आहे. सीडी-डीव्हीडी लिहिण्याचं उदाहरण तर खुद्द त्याच्या दस्तऐवजातच दिलं आहे. तुमच्या बाबतीत 'सुरू' दाबल्यावर क्रिएट आणि फाइल बंद झाल्यावर डिस्ट्रॉय.

ट्रेनं मोठा फरक पडतो. ज्या प्रोग्रॅमची एकही मुख्य खिडकी पडद्यावर दिसत नाही, त्याला शटडाउन अडवण्याची मुभा व्हिस्टानंतर राहिली नाही. त्यानं नकार दिला किंवा पाच सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर कुणालाही न विचारता तो बंद केला जातो. कन्सोल (आज्ञा-खिडकीत चालणाऱ्या) प्रोग्रॅमचंही तसंच. म्हणून चित्रीकरण चालू असेतो खिडकी दिसती ठेवा. कोपऱ्यात छोटी, लाल ठिपका आणि वेळ दाखवणारी असली तरी पुरे. कार्यकर्त्यालाही काहीतरी चालू आहे हे त्यामुळे समोर दिसेल.

उंबरठा

रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतून) मुदत वाढवता येते की. कंट्रोल पॅनेल, डेस्कटॉपखाली हंग-ॲप-टाइमआउट नावाची किंमत असते, मूळ ५००० मिलिसेकंद. शेजारी वेट-टू-किल-ॲप-टाइमआउट, मूळ २००००. इन्स्टॉलरमधून दोन्ही दोन मिनिटांवर नेऊन ठेवायच्या.

लॅबवाली_ताई

उंबरठा, कृपया हे करू नका, आणि दुसऱ्यालाही सुचवू नका.

मी एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा सांभाळते. अशी ॲपं माझ्या वाट्याला येतात. त्या दोन किमती वापरणाऱ्याच्या संपूर्ण सत्राला लागू होतात, एका ॲपला नाही. तुम्ही त्या वाढवल्यात की अडकलेला प्रत्येक प्रोग्रॅम दोन-दोन मिनिटं सगळ्यांना ताटकळत ठेवतो, आणि कारण शोधणाऱ्याला तुमच्या इन्स्टॉलरचा संशयही येत नाही.

अडवण्याबद्दलही माझं मत सांगते. संध्याकाळी प्रयोगशाळा बंद करताना सगळ्या यंत्रांना एकदम रीस्टार्ट देते, रात्री अपडेट बसतात. सकाळी येऊन बघावं तर काही यंत्रं त्या निळ्या पडद्यावर तशीच उभी, कारण कुठल्याशा ॲपनं अडवून ठेवलं आणि उत्तर द्यायला खोलीत माणूसच नाही. आता मी शटडाउन आज्ञेला सक्तीचा स्लॅश एफ हा पर्याय लावूनच हुकूम देते. त्या हुकमात 'विचारण्याचा' संदेश जातच नाही. तुमचा क्वेरी-एंड-सेशनमधला कोड कितीही सुंदर असला तरी तो तिथं बोलावला जाणार नाही.

तेव्हा, सायंतारा, चित्रीकरण खरंच चालू असेल तेव्हाच अडवा. ॲप नुसतं उघडं आहे म्हणून अडवू नका. आणि माझ्यासारखं कुणी सक्तीनं बंद करणार आहे हे धरूनच फाइल लिहा. व्याख्यान वाचवायचं तर भरवसा या शेवटच्या सल्ल्यावर ठेवा.

सायंतारा

ताई, पटलं. इन्स्टॉलर रजिस्ट्रीला हात लावणार नाही. चित्रीकरणापुरतंच अडवीन.

'सक्तीनं बंद होणार हे धरून फाइल लिहा' हे एमपी४च्या बाबतीत कसं करायचं, कुणी सांगेल का?

शेतशिवार

मी सांगतो. आमच्याकडे वीज कुणाला विचारून जात नाही, त्यामुळे हा विषय मला लवकर शिकावा लागला. गावातली भजनं आणि कीर्तनं मी याच पद्धतीनं मुद्रित करतो.

तुमची दोन जीबीची फाइल उघडत नाही, कारण एमपी४मध्ये मूव्ह नावाचा एक भाग असतो. कुठली फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे, आवाजाचा कुठला तुकडा कुठे आहे, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. चित्रीकरण चालू असताना ही माहिती मेमरीत साठत राहते आणि फाइल बंद करताना शेवटी लिहिली जाते. त्याआधी प्रोसेस मेली तर चित्र आणि आवाज डिस्कवर असतात, पण ते कुठून कुठे वाचायचे हे सांगणारी अनुक्रमणिका नसलेला हजार पानी ग्रंथ हाती येतो, तोही पानांवर आकडे नसलेला. एफएफएमपेगला ही फाइल दिलीत तर 'मूव्ह ॲटम सापडला नाही' एवढंच तो म्हणेल.

यावर दोन उपाय आहेत.

पहिला, चित्रीकरण एमकेव्हीमध्ये करा. ही मात्रोस्का प्रकारची फाइल छोट्या छोट्या गठ्ठ्यांत लिहिली जाते आणि प्रत्येक गठ्ठा स्वतःपुरता वाचता येतो. मध्येच तुटली तरी तुटल्या जागेपर्यंत वाजते. एकूण लांबी दिसणार नाही, पुढेमागे सरकवताना प्लेअर जरा चाचपडेल, कारण क्यूज नावाची यादी शेवटी लिहायची राहिलेली असते. पण व्याख्यान हातात असतं. नंतर 'कोडेक कॉपी' करून एमपी४ बनवायची. चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, दर्जा तसाच राहतो, वेळ फक्त वाचण्या-लिहिण्याचा.

दुसरा, तुकड्यांची एमपी४. एफएफएमपेगच्या मूव्हफ्लॅग्ज या पर्यायात फ्रॅग-कीफ्रेम आणि एम्प्टी-मूव्ह लावायचं. सुरुवातीला जवळपास रिकामा मूव्ह लिहिला जातो आणि मग दर कीफ्रेमला (स्वतःपुरत्या पूर्ण असलेल्या चित्राला) एक स्वतंत्र तुकडा. कीफ्रेम दर दोन सेकंदांनी ठेवलीत तर मेल्यावर शेवटचे दोनेक सेकंद जातील.

मी एमकेव्हीच घेतो. तुकड्यांच्या एमपी४ला काही जुनी संपादनाची सॉफ्टवेअरं नीट घेत नाहीत.

कळफलक

शेतशिवार यांच्याशी पूर्ण सहमत. त्यातूनच पुढचं निघतं: सायंतारांचं पाऊण मिनिट जातं कुठे?

फास्टस्टार्टमध्ये. मूव्ह शेवटी लिहून झाल्यावर तो फाइलच्या सुरुवातीला आणायचा, म्हणजे त्याच्यासाठी पुढे जागा करून बाकी सगळा मजकूर मागे सरकवायचा. दोन जीबीची फाइल असेल तर दोन जीबी वाचायचे आणि दोन जीबी परत लिहायचे. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर पाऊण मिनिट सहज लागतं.

पण हे काम रीस्टार्टच्या तोंडावर करायची काहीच गरज नाही. ते संकेतस्थळासाठी आहे, फाइल वाचण्यासाठी नाही. शटडाउनच्या वेळी चित्रीकरण थांबवून एमकेव्ही बंद करा. त्याला क्षण-दोन क्षण लागतील, पाच सेकंदांत हसतखेळत बसेल. फोल्डरमध्ये 'रूपांतर बाकी' अशी एक छोटी खूणफाइल ठेवा. पुढच्या वेळी ॲप उघडलं की खुणा शोधायच्या आणि एमपी४ व फास्टस्टार्टचं काम तेव्हा निवांत करायचं.

म्हणजे थांबवून धरायची वेळच फारशी येणार नाही. कारणाचं वाक्य तरी ठेवा. कार्यकर्त्यानं चुकून रीस्टार्ट दाबला तर त्याला 'रद्द करा' म्हणता येईल आणि व्याख्यान पुढे चालू राहील. मला तर तुमच्या प्रसंगात या वाक्याचा खरा उपयोग तोच वाटतो.

उलटसुलट

एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही, आणि तुमचं ॲप तिथं नक्की अडखळेल.

एफएफएमपेग ही वेगळी प्रोसेस आहे आणि ती कन्सोल प्रोसेस आहे. रीस्टार्टच्या वेळी विंडोज फक्त तुमच्या खिडकीला विचारत नाही, त्या प्रोसेसलाही स्वतंत्रपणे बंद करायला जातं. आणि कळफलक यांनी वर सांगितलंच आहे की कन्सोल प्रोग्रॅमला अडवण्याची मुभा नाही. म्हणजे इकडे तुम्ही 'क्यू' पाठवायला जाताय आणि तिकडे तो घेणारा उरलेला नाही, असं होऊ शकतं. तुमच्या लॉगमध्ये 'पाइप तुटला' (म्हणजे अक्षर पाठवायची वाटच बंद झाली) अशी चूक कधी दिसली असेल तर कारण हेच.

यासाठी सेट-प्रोसेस-शटडाउन-पॅरामीटर्स आहे. प्रत्येक प्रोसेसला एक पातळी असते आणि जास्त पातळीच्या प्रोसेस आधी बंद केल्या जातात. सगळ्या प्रोसेस जन्मतः हेक्स (सोळाच्या पायातल्या मोजणीत) २८० या पातळीवर असतात. हेक्स ३०० ते ३एफएफ हा पट्टा 'आधी बंद होणाऱ्या' ॲप्लिकेशनांसाठी आणि हेक्स १०० ते १एफएफ 'शेवटी बंद होणाऱ्यां'साठी राखलेला आहे.

तुमच्या ॲपनं सुरू होतानाच स्वतःची पातळी हेक्स ३०० करावी. मग रीस्टार्टचा प्रश्न आधी तुम्हाला येईल, तेव्हा एफएफएमपेग जिवंत असेल. 'क्यू' पाठवा, प्रोसेस संपेपर्यंत थांबा, मग उत्तर द्या. जास्त पातळी म्हणजे 'उशिरा बंद' अशी समजूत सहज होते, आहे नेमकं उलट.

सायंतारा

उलटसुलट, 'पाइप तुटला' अगदी अक्षरशः दिसलं होतं! मी ते एफएफएमपेगचं काहीतरी बिनसलं म्हणून सोडून दिलेलं. आज रात्री हे करून बघते.

पेंग्विनप्रेमी

धागा विंडोजचा आहे, तरी लिनक्सकडची व्यवस्था सांगतो, कारण ती मला फार नेटकी वाटते आणि वाचनालयात पुढेमागे लिनक्स बसवायचं झालं तर उपयोगी पडेल.

सिस्टमडी (यंत्रणा सुरू-बंद करणं सांभाळणारा प्रोग्रॅम) असलेल्या वितरणांत त्यातल्या लॉगिनडीकडून 'इनहिबिटर लॉक' घेता येतं. डी-बसवरून (प्रोग्रॅमांच्या आपसातल्या बोलण्याच्या वाटेवरून) मागितलं की एक फाइल डिस्क्रिप्टर मिळतो. तो बंद केला की कुलूप सुटतं. तुमची प्रोसेस मेली तर डिस्क्रिप्टर आपोआप बंद होतो, म्हणजे मेलेल्या ॲपनं यंत्र अडवून ठेवलंय असं होऊच शकत नाही.

कुलपाचे दोन मुख्य प्रकार आहेत. 'ब्लॉक' म्हणजे सुटेपर्यंत शटडाउन नाकारायचं. 'डिले' म्हणजे थोडा वेळ द्यायचा आणि मग पुढे जायचं. डिलेची कमाल मर्यादा लॉगिनडीच्या सेटिंगमध्ये इनहिबिट-डिले-मॅक्स-सेक नावानं असते, मूळ पाच सेकंद. शटडाउन येतोय हे प्रिपेअर-फॉर-शटडाउन या सिग्नलवरून कळतं. कमांड ओळीवरून करायचं तर सिस्टमडी-इनहिबिटच्या मागे आपली आज्ञा लिहायची, झालं. आत्ता कुणीकुणी कुलपं घेतली आहेत ती यादीही त्याच आज्ञेनं दिसते.

त्यापलीकडे प्रोसेसला सिगटर्म ('बंद हो' असा इशारा) येतो आणि मुदत संपली की सिगकिल (थेट मारणं). सिस्टमडीच्या सर्व्हिससाठी ही मुदत मुळात ९० सेकंद असते. एफएफएमपेग सिगटर्म आल्यावर फाइल नीट बंद करतो, हे इथं कामाचं आहे.

सफरचंदी

मॅकचं थोडक्यात. ॲप्लिकेशन-शुड-टर्मिनेट या पद्धतीतून 'टर्मिनेट लेटर' परत करायचं, काम संपलं की रिप्लाय-टू-ॲप्लिकेशन-शुड-टर्मिनेट बोलवून 'हो' सांगायचं. असिंक्रोनस कामासाठी ही सोय सुरुवातीपासून विचारात घेतलेली दिसते. फक्त इन्फो-पीलिस्ट या ॲपच्या माहितीफाइलमध्ये 'सडन टर्मिनेशन' चालू असेल तर मात्र जपून. ते चालू असताना प्रणाली ॲपला न विचारता थेट मारू शकते. चित्रीकरण सुरू करताना डिसेबल-सडन-टर्मिनेशन आणि संपल्यावर एनेबल, अशी जोडी पाळावी लागते.

नवखी_प्रोग्रामर

मी इलेक्ट्रॉनमध्ये (वेबच्या तंत्रानं डेस्कटॉप ॲप बनवायची चौकट) काम करते. मला बिफोर-क्विट या बंद होण्याआधीच्या इव्हेंटमध्ये सगळी आवराआवर ठेवायची सवय आहे. ते चालेल ना?

उलटसुलट

विंडोजवर नाही. शटडाउन, रीस्टार्ट किंवा साइन-आउटमुळे ॲप बंद होत असेल तर विंडोजवर बिफोर-क्विट येतच नाही, दस्तऐवजात तसं स्पष्ट लिहिलं आहे. तिथं ब्राउझर-विंडोचा सेशन-एंड बघावा लागतो आणि तो येतो तेव्हा फार वेळ उरलेला नसतो. मॅक आणि लिनक्सवर पॉवर-मॉनिटरचा शटडाउन इव्हेंट आहे. आपला मजकूर काम चालू असतानाच थोड्या थोड्या वेळानं डिस्कवर टाकत जा, म्हणजे या इव्हेंटांच्या नादी लागावं लागणार नाही.

उंबरठा

ताईंचं म्हणणं मान्य, रजिस्ट्रीचा सल्ला मागे घेतो. पण मग विंडोज सर्व्हिस (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम) का नको? सर्व्हिसला 'प्रीशटडाउन' मिळतो ना, तीन मिनिटांचा?

कळफलक

मिळतो, आणि ज्याचं काम खरंच सर्व्हिसचं आहे त्याच्यासाठी तो उत्तम आहे. व्हिस्टात आलेला हा इशारा नेहमीच्या शटडाउन इशाऱ्याच्या आधी येतो. मुदत मुळात १,८०,००० मिलिसेकंद म्हणजे तीन मिनिटं होती, पण विंडोज १०च्या १५०६३ या बिल्डपासून मूळ मुदत दहा सेकंद झाली. जास्त हवी असेल तर चेंज-सर्व्हिस-कॉन्फिग-२ मधून स्वतः नोंदवावी लागते. जुन्या लेखांत तीन मिनिटंच लिहिलेली सापडतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पण इथं सर्व्हिस नको. सर्व्हिस वेगळ्या सत्रात चालते, वापरणाऱ्याच्या पडद्याशी तिचा संबंध नसतो. तुम्हाला खिडकीचं ॲप आणि सर्व्हिस असे दोन प्रोग्रॅम लिहून त्यांचं एकमेकांशी बोलणं सांभाळावं लागेल. शिवाय बसवायला ॲडमिनचे हक्क. वाचनालयात हे पुढे सांभाळणार कोण? पाच सेकंदांत संपणाऱ्या कामासाठी एवढा पसारा मांडू नये.

लॅबवाली_ताई

चाचणीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. इथं हमखास फसगत होते.

एक, टास्ककिल वापरून हे तपासू नका. स्लॅश एफ नसेल तर तो खिडकीला बंद होण्याचा साधा संदेश पाठवतो, असेल तर थेट मारतो. रीस्टार्टचे संदेश दोन्हीत येत नाहीत.

दोन, 'शटडाउन स्लॅश आर' ही आज्ञा देताना स्लॅश टीपुढे शून्याहून मोठा आकडा दिलात तर स्लॅश एफ गृहीत धरला जातो. म्हणजे 'साठ सेकंदांनी रीस्टार्ट' अशी चाचणी घ्याल तर अडवणारा कोड चालणारच नाही आणि तुम्ही विनाकारण कोडमध्ये दोष शोधत बसाल. शून्य द्या, नाहीतर स्टार्ट मेनूतून रीस्टार्ट करा.

तीन, दरवेळी रीस्टार्ट करायची गरज नाही. साइन-आउटलाही तेच दोन संदेश येतात, फक्त एलपॅरममध्ये (संदेशासोबतच्या माहितीत) लॉगऑफची खूण जास्त असते. रोजच्या चाचणीला ते पुरतं.

चार, हे सगळं झालं की सक्तीचीही चाचणी घ्या. चित्रीकरण चालू असताना स्लॅश एफनं रीस्टार्ट करा आणि फाइल वाजते का बघा. जमलं तर आभासी यंत्रात करा आणि त्याचा वीजपुरवठाच तोडा.

शेतशिवार

ताईंच्या चौथ्या मुद्द्याला जोडून. प्रोसेस मारली जाणं आणि वीज जाणं यांत फरक आहे. प्रोसेस मेली तरी तिनं विंडोजच्या हवाली केलेले बाइट विंडोजच्या कॅशमध्ये असतात आणि रीस्टार्टच्या आधी डिस्कवर उतरतात. वीज गेली तर ती कॅशही जाते. एनटीएफएसचं जर्नल फाइलप्रणालीची रचना सावरतं, तुमच्या फाइलच्या आतला मजकूर नाही. म्हणून वाचनालयाला एक साधा यूपीएस घ्यायला सांगा. ज्यात सॉफ्टवेअर काहीच करू शकत नाही तेवढा भाग तो सांभाळेल.

आणि सायंतारा, ती बिघडलेली दोन जीबीची फाइल पुसली नाहीत ना? अनट्रंक नावाचं एक मुक्त साधन आहे. त्याच कॅमेऱ्यानं, त्याच सेटिंगवर घेतलेली दुसरी चांगली फाइल त्याला नमुना म्हणून द्यावी लागते. तिच्यावरून ते बिघडलेल्या फाइलमधल्या फ्रेमा ओळखतं आणि मूव्ह नव्यानं बांधतं. मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर करा. आदल्या दिवशीचं व्याख्यान नमुना म्हणून चालेल.

सायंतारा

मंडळी, काय केलं ते लिहिते.

चित्रीकरण आता एमकेव्हीत होतं. फास्टस्टार्ट आणि एमपी४चं काम खूणफाइल पाहून पुढच्या वेळी ॲप उघडल्यावर होतं. ॲपची पातळी हेक्स ३०० केली, पाइप तुटल्याची नोंद थांबली. चित्रीकरण चालू असेतो कोपऱ्यात छोटी खिडकी दिसत राहते आणि तेवढाच वेळ कारणाचं वाक्य नोंदलेलं असतं. साइन-आउट, साधा रीस्टार्ट आणि सक्तीचा रीस्टार्ट, तिन्ही करून पाहिले. साध्या दोन्हींत फाइल पूर्ण मिळते, सक्तीच्या रीस्टार्टमध्ये शेवटचे एक-दोन सेकंद जातात, बाकी सगळं वाजतं. यूपीएससाठी वाचनालयाच्या समितीला पत्र दिलं आहे.

आणि शेतशिवार, अनट्रंक चाललं. आदल्या दिवशीची फाइल नमुना म्हणून दिली. अगदी शेवटचा भाग परत आला नाही, पण बाईंचं बोलणं जवळपास सगळं मिळालं, आवाज स्वच्छ आहे. एक प्रत त्यांच्या घरी नेऊन दिली. तुमचे उपकार विसरणार नाही.

एकच उरलं. कारणाचं वाक्य मराठीत द्यायला काही अडचण? आणि काय लिहावं?

कळफलक

फाइल मिळाली हे वाचून फार बरं वाटलं.

मराठीत बेलाशक द्या. फंक्शन युनिकोड मजकूर घेतं, डीएलएल-इम्पोर्ट लिहिताना कॅरेक्टर-सेट युनिकोड ठेवा. मर्यादा २५६ अक्षरांची आहे, पण तेवढं लिहू नका. शटडाउन करणारा माणूस घाईत असतो, तो एक ओळ वाचतो. काय चालू आहे आणि त्यानं काय करायचं, एवढंच लिहा: "व्याख्यानाचं चित्रीकरण चालू आहे. 'रद्द करा' दाबा."

'कृपया थांबा' लिहू नका. तुमच्या प्रसंगात थांबून उपयोग नाही, चित्रीकरण तर चालूच राहायला हवं. फाइल बंद होत असतानाच्या क्षणांसाठी दुसरं वाक्य ठेवा: "फाइल जतन होत आहे, काही सेकंद लागतील." टप्पा बदलला की आधीचं कारण डिस्ट्रॉय करून नवं क्रिएट करायचं.

लॅबवाली_ताई

आणि ॲपचं नाव व आयकॉन ओळखू येईल असे ठेवा. त्या यादीत वाक्याच्या वर तेच दिसतात. 'फॉर्म१' असं नाव दिसलं तर मीसुद्धा 'तरीही रीस्टार्ट करा' दाबीन.

सायंतारा

नाव 'फॉर्म१'च होतं, ताई. बदललं. आता तिथं वाचनालयाचं नाव आणि 'व्याख्यान चित्रीकरण' असं दिसतं.